दमणला जाणारी लक्झरी

डोंबिवलीच्या घरडा सर्कलला किंवा कल्याणच्या दुर्गाडीपाशी रविवारी पहाटे उभी असलेली लक्झरी ओळखायला वेळ लागत नाही. पुढच्या काचेवर मंडळाच्या किंवा सोसायटीच्या नावाचा कागद, दारात यादी घेऊन नावं पुकारणारा आयोजक, डिकीत नाश्त्याची पातेली, आणि ‘शेवटचा पिकअप माजिवडा, तिथे थांबणार नाही’ असा फोनवर चाललेला दम. माणशी ठरलेल्या पैशांत चहा, नाश्ता, जेवण, दोन किल्ले, एक चर्च, एक समुद्रकिनारा आणि ‘खरेदीसाठी मोकळा वेळ’ एवढं सगळं बसतं आणि रात्री उशिरा का होईना, माणूस घरी येतो. ठिकाण दमण, सिल्वासा किंवा दोन्ही. या सहलीबद्दल दोन मतं ऐकू येतात. एक असं की, मध्यमवर्गाच्या हातात चार पैसे आणि रविवारची सुट्टी आली, त्यातून ही करमणूक जन्मली. दुसरं असं की, सगळा खटाटोप स्वस्त दारूसाठी आहे, बाकी निमित्त. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही मतं प्रवाशाकडे पाहतात, सीमेकडे पाहत नाहीत. माझं म्हणणं असं की, ही सहल सीमेनेच घडवली आहे. कर आणि मनाई ज्या रेषेवर बदलतात ती रेष माणसांना ओढते. ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात ही ओढ लक्झरी बसच्या शेकडो वर्षं आधीची आहे. आणि बसच्या कार्यक्रमात ज्याला ‘स्थलदर्शन’ म्हणतात ते त्या ओढीला मिळालेलं चारचौघांत सांगता येण्याजोगं रूप आहे.

ठाणे आणि कल्याण आज एकाच लोकलमार्गावरची दोन स्टेशनं. पण १५३४ पासून १८१७ पर्यंतच्या काळात बहुतेक वर्षं ती दोन वेगळ्या राज्यांत होती. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, त्यात साष्टी बेटावरचं ठाणे गेलं. पोर्तुगीज कागदांत ते ‘कसबे ठाणे’ याच नावाने येतं. खाडीपलीकडचं कल्याण निजामशाहीत राहिलं, १६३६ नंतर आदिलशाहीत गेलं आणि १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलं. मधली खाडी ही दोन राज्यांची हद्द होती, पण अशा हद्दीवर माणसं थांबत नसतात. कल्याण-भिवंडीला १६५९ च्या सुमारास मराठ्यांची गलबतं बांधायला घेतली तेव्हा त्या कामावरचे जाणकार पोर्तुगीज मुलखातूनच आले होते. रुई लैताव व्हिएगस हा त्यांचा म्होरक्या. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी पुढे त्यांना फितवून परत नेलं. माल, मजूर आणि कसब यांची ये-जा दोन्ही बाजूंच्या नाकेदारांना ठाऊक होती आणि दोघेही तिच्यावर कमावत होते. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत १७३७ साली ठाणे मराठ्यांकडे आलं, मे १७३९ मध्ये वसई पडली आणि काही वर्षं खाडीच्या दोन्ही काठांवर एकच राज्य होतं. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. पुढच्या युद्धात त्यांनी कल्याणही घेतलं होतं, पण १७८२ च्या सालबाईच्या तहाने कल्याण पेशव्यांना परत मिळालं आणि साष्टी इंग्रजांकडे राहिली. म्हणजे १८१७ मध्ये उत्तर कोकण कंपनीकडे जाईपर्यंत ठाण्याहून कल्याणला जाणं हे परमुलखात जाणं होतं. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आणि पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत रेल्वे आली ती ही हद्द पुसली गेल्यावर. अवघ्या छत्तीस वर्षांपूर्वी तिथे दोन सरकारं होती.

आजची लक्झरी याच इतिहासावरून धावते, तिच्या चालकाला याची कल्पना असो वा नसो. भिवंडीकडून येणारी बस कशेळीच्या पुलावरून खाडी ओलांडते तेव्हा ती जुन्या साष्टीत शिरते, घोडबंदर रस्ता धरते आणि वरसाव्याच्या पुलावरून पुन्हा साष्टीबाहेर पडते. त्यापुढचा वसई, माहीम, तारापूर, डहाणूच्या मागून जाणारा सगळा महामार्ग म्हणजे मराठी इतिहासकार ज्याला ‘उत्तर फिरंगाण’ म्हणतात तो मुलूख. १५५९ मध्ये पोर्तुगीजांनी जिंकलेलं दमण हे त्याचं उत्तरेकडचं टोक. १७३९ मध्ये फिरंगाणाचा हा सगळा मधला भाग गळून पडला, दमण तेवढं उरलं. ते मराठ्यांच्या हाती आलं असतं तर आज डहाणूसारखंच किनाऱ्यावरचं एक तालुक्याचं गाव असतं. चिक्कूच्या बागा असत्या, सुरूची झाडं असती, पण डोंबिवलीहून तिथे बसगाड्या सुटल्या नसत्या. समुद्र डहाणूलाही आहे आणि तो जवळही आहे. दमणला जे आहे आणि डहाणूला नाही, ते १७३९ चं अर्धवट राहिलेलं काम.

सिल्वासाची गोष्ट याहून चमत्कारिक आहे, कारण ती सीमा मराठ्यांनी स्वतःच्या हाताने काढून दिली. मराठ्यांच्या आरमाराने ‘सांताना’ हे पोर्तुगीज जहाज धरलं होतं. त्याच्या नुकसानभरपाईपोटी १७७९ च्या तहाने पेशव्यांच्या दरबाराने पोर्तुगीजांना वर्षाला बारा हजार रुपये वसुलाची गावं द्यायचं कबूल केलं. त्याप्रमाणे १७८३ मध्ये नगर हवेली आणि १७८५ मध्ये दादरा त्यांच्याकडे गेलं. बारा हजारांच्या हिशेबाला पुरतील अशी गावं मोजून दिल्यामुळे नकाशाचा जो चिंध्यांसारखा आकार झाला तो आजही तसाच आहे. वापीहून सिल्वासाला निघालेली बस गुजरातमधून दादऱ्यात शिरते, दादरा संपलं की पुन्हा गुजरात, मग नगर हवेली. तासाभराच्या आतल्या या वाटेवर दारूबंदीचा कायदा लागू होतो, सुटतो, पुन्हा लागू होतो, पुन्हा सुटतो. नगर हवेलीच्या पोटात मघवाल नावाचं गुजरातचं एक गाव आहे ते वेगळंच.

ही वाट कुणाच्या हक्काची, हा प्रश्न एकदा थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता. जुलै १९५४ मध्ये दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं. ते सोडवणाऱ्यांत आझाद गोमंतक दलाबरोबर सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी पुढे महाराष्ट्राच्या घराघरात पोचलेली माणसं होती. मुक्त झालेल्या मुलखाकडे दमणहून कुमक पाठवायला भारताने वाट दिली नाही, म्हणून डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने दावा लावला. १२ एप्रिल १९६० चा निकाल आजच्या सहलीच्या दृष्टीने वाचला तर मोठा गमतीचा आहे. १७७९ चा तह काढून त्यावर खल झाला. पेशव्यांनी दिली होती ती राज्यसत्ता नव्हे, सरंजामासारखा वसूल फक्त, असं न्यायालयाने मानलं. सत्ता पुढे रुजली ती इंग्रजांनी ती मान्य करून टाकली म्हणून. आणि अखेर ठरलं ते असं की, दमण ते दादरा-नगर हवेली या वाटेवर १९५४ साली खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना जाण्याचा हक्क होता. फौज, हत्यारी पोलीस आणि दारूगोळा यांना नव्हता. आणि भारताने वाट अडवली त्यात काही गैर केलं नाही. म्हणजे एका राजकीय भांडणात जगातल्या सर्वोच्च न्यायपीठाने सव्वाशेहून अधिक वर्षांच्या वहिवाटीतून जी गोष्ट सिद्ध मानली ती ही की, या वाटेवर साधी माणसं आणि बाजाराचा माल कायम येत-जात होता. माझ्या मुद्द्याला याहून वजनदार पुरावा शोधायची गरज नाही. सिल्वासाच्या सहलीत बाग दाखवतात, वासोण्याची सिंह सफारी दाखवतात, दुधनीचं पाणी दाखवतात. पण १९५४ ची ही हकिगत सहसा कुणी सांगत नाही. मराठी माणसांनी भरलेल्या बसमध्ये ती सांगायला दहा मिनिटं पुरली असती.

आता दारू. तिच्याकडे नाक मुरडून इतिहास लिहिता येत नाही, कारण या सीमेवर सरकारांनी जेवढा कागद खर्च केला त्यातला बराचसा तिच्यापायीच आहे. मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा १८७८ सालचा. गावोगाव मोहाची दारू गाळण्याची चाल मोडून ठरावीक मक्तेदाराकडूनच, ठरावीक कर भरलेली दारू लोकांनी घ्यावी हा त्याचा हेतू. पण दमणच्या हद्दीत तीच दारू विनाकर मिळत असेल तर ठाणे आणि सुरत जिल्ह्यांतली मक्तेदारी टिकणार कशी? त्याच १८७८ सालच्या डिसेंबरात इंग्रज-पोर्तुगीज तह झाला, आणि त्यात जकातीबरोबर मीठ आणि आबकारी या दोन गोष्टी जाणीवपूर्वक घातल्या. १८८० ते १८९२ अशी बारा वर्षं ब्रिटिश हिंदुस्थान आणि पोर्तुगीज हिंदुस्थान यांच्यामधली जकातीची भिंत नव्हती. तह १८९२ मध्ये संपला, आणि त्याच वर्षी ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा आला. या तारखांचा मेळ योगायोगाने बसलेला नाही. हद्दीपलीकडे भाव वेगळा असेल तर हद्दीअलीकडचा कायदा दुबळा होतो, हे त्या अधिकाऱ्यांना पक्कं कळलेलं होतं. अर्थात या पट्ट्यातल्या लोकांची एकच एक तऱ्हा नव्हती. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांत सुरू होऊन उत्तरेकडे दक्षिण गुजरातच्या आदिवासींत पसरलेली देवीची चळवळ दारू-ताडी सोडा असंच सांगत होती. डेव्हिड हार्डिमन यांनी तिच्यावर सबंध पुस्तक लिहिलं आहे. ज्या गावांतून दारूची वाट जात होती त्याच गावांतून दारू सोडण्याची लाट गेली. पण तीही कर, सावकारी आणि मक्तेदार यांच्याविरुद्धच होती. म्हणजे फिरून प्रश्न त्याच आबकारीचा.

एप्रिल १९५० मध्ये मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली आणि दमणच्या हद्दीला नवं मोल चढलं. १९ डिसेंबर १९६१ ला दमण भारतात आलं तेव्हा राष्ट्रांमधली सीमा गेली, पण तोवर मुंबई राज्याचे दोन भाग झाले होते आणि दमणला वेढणाऱ्या गुजरातने दारूबंदी चालूच ठेवली. महाराष्ट्राने साठच्या दशकापासून ती परवान्यांच्या वाटेने सैल केली, कर मात्र चढवत नेले. त्यामुळे दमणला दोन बाजूंनी गिऱ्हाईक मिळालं: गुजरातचा माणूस मिळत नाही म्हणून येणार, ठाण्याचा माणूस महाग पडते म्हणून. कोरड्या राज्याच्या पोटात ओलं बेट आणि शेजारी महागडं राज्य, अशी मांडणी कुठल्या टूर कंपनीला पैसे ओतूनही जमली नसती. ३० मे १९८७ ला गोवा वेगळं राज्य झालं आणि दमण-दीव केंद्रशासित राहिलं, २६ जानेवारी २०२० पासून दादरा-नगर हवेलीशी जोडलं गेलं. पण प्रत्येक बदलात कराचा वेगळेपणा शाबूत राहिला. कारखानदारांनी हे प्रवाशांइतकंच ओळखलं. विक्रीकरातल्या सवलतींच्या काळात सिल्वासा-दमणच्या शेडांत प्लास्टिक आणि सूत यांचे कारखाने उभे राहिले. कारखाना सहलीला जात नाही, तो समुद्र पाहायला गेला असं कुणी म्हणणार नाही. तरी ज्या रेषेने बस ओढली त्याच रेषेने त्यालाही ओढलं.

इथे एक आक्षेप येतो. दारूचं ठीक आहे, पण कुटुंबं जायची ती ‘फॉरेनचा माल’ आणायला. आणि तो माल तर घराजवळ मिळत होता. हे खरंच आहे. कल्याणच्या लष्करी छावणीत वसवलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीला ऑगस्ट १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळालं, आणि बघता बघता तिथे सगळ्या जगाचा माल तयार होऊ लागला. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद ठाणे जिल्ह्यात दोन पिढ्यांनी केला आहे. अस्सल हवं असेल त्याला मुंबईत मनीष मार्केट आणि मुसाफिरखाना होताच. मग घड्याळ, सेंटची बाटली किंवा छत्री घ्यायला दीडशेहून अधिक किलोमीटर जायचं कारण काय? कारण या विनोदातच आहे. परदेशी वस्तूंवर परवाने आणि बंदी होती तोवर गिऱ्हाइकाची खरी अडचण वस्तू मिळण्याची नव्हती, तिच्यावर भरवसा ठेवण्याची होती. उल्हासनगर कॅम्पातल्या दुकानदाराने शपथ घेतली तरी डोंबिवलीची गृहिणी ती मानणार नाही. पण दमणहून आणलेल्या वस्तूची शपथ दमणनेच घेतलेली असायची. चारशे वर्षं फिरंग्यांचं असलेलं गाव, बंदर, समुद्रावरून माल उतरवणाऱ्यांच्या दंतकथा, सोन्याच्या चोरट्या व्यापारात देशभर गाजलेलं सुकुर नारायण बखिया हे नाव. या सगळ्यामुळे तिथल्या टपरीवरच्या वस्तूलाही परदेशाचा वास यायचा. तो वास दर वेळी खरा होता असं मानायचं कारण नाही. उल्हासनगरचा माल दमणला जाऊन परत आला नसेलच असं कोण सांगेल? पण सीमा मालाची किंमत बदलते तशी त्याची पतही बदलते, आणि बसचं भाडं ही पत मिळवण्यासाठी मोजलेलं असायचं. सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये गेला, १ एप्रिल २००१ पासून आयातीवरची उरलीसुरली संख्यात्मक बंधनं उठली, आणि सेंट-घड्याळांचा हा बाजार आपसूक मंदावला. सीमेवरचा फरक गेला की तिथली गर्दी ओसरते, हे मला म्हणायचं आहे. परदेशी मालाने ते उलट बाजूने सिद्ध केलं.

तरीही बस का, आणि तीही किल्ला-चर्च दाखवणारी का? ज्याला बाटलीच आणायची त्याने वापीपर्यंत रेल्वे धरावी आणि तिथून रिक्षा. पुष्कळ लोक तेच करतात. पण चाळीस-पन्नास जणांना एकत्र न्यायचं तर कायद्याने एक साचा आधीच ठरवून ठेवला होता. मोटार वाहन कायद्यात, १९३९ च्या आणि १९८८ च्याही, प्रवासी बसचे दोन प्रकार आहेत: थांब्याथांब्यावर तिकीट देऊन माणसं चढवणारी टप्पे वाहतूक आणि सबंध गाडी एका करारावर घेणारी कंत्राटी वाहतूक. १ जून १९४८ ला पुणे-नगर गाडी सोडून सुरू झालेल्या एसटीकडे महाराष्ट्रात यथावकाश टप्पे वाहतुकीचा एकाधिकार गेला. खाजगी मालकाला उरली कंत्राटी गाडी. तिने वाटेत माणूस घ्यायचा नाही, उतरवायचा नाही. राज्याबाहेर जायचं तर पर्यटक परवाना हवा, प्रवाशांची यादी हवी. पहाटे बसच्या दारात आयोजक जी यादी घेऊन उभा असतो ती निव्वळ हजेरी नव्हे. अच्छाडच्या राज्यसीमेवरच्या नाक्यावर कुणी विचारलं तर या गाडीतली माणसं एक गट आहेत, सगळी एकत्र गेली आणि एकत्रच परतणार आहेत, याचा तो पुरावा आहे. आता ‘पर्यटक’ म्हणून निघालेल्या गटाला पाहायला काहीतरी हवं. मोटी दमणचा कोट, १६०३ मध्ये पुरं झालेलं बॉम जीझस चर्च, दमणगंगेपलीकडचा नानी दमणचा सेंट जेरोमचा किल्ला आणि देवकाचा किनारा हे सगळं एका दिवसात बसण्याइतकं जवळजवळ आहे. जाताना चारोटीजवळ विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचं दर्शन झालं की घरातल्या वडीलधाऱ्यांचाही होकार मिळतो. परवान्याने गट मागितला, गटाला कार्यक्रम लागला, आणि त्या कार्यक्रमामुळे ज्यांना बाटलीशी काही देणंघेणं नाही अशी माणसंही बसमध्ये आली. म्हणून ‘सगळा खटाटोप दारूसाठी’ हे मत मला पटत नाही. बचत गटाच्या आणि भिशीच्या बायकांच्या बसगाड्या जातात, ज्येष्ठ नागरिक संघाच्या जातात. मात्र त्या गाड्या ज्या रस्त्याने आणि ज्या दराने जाऊ शकतात तो रस्ता दुसऱ्यांच्या खरेदीने रुळवलेला आहे.

याहून अवघड आक्षेप यात्रांचा आहे. अष्टविनायक, शिर्डी, वणी, त्र्यंबकेश्वर. ठाणे-डोंबिवलीतून सुटणाऱ्या बसगाड्यांत या नावांचा भरणा मोठा आहे आणि तिथे कुठलीच सीमा नाही. मग सहल सीमेने घडवली हे म्हणणं कोसळत नाही का? सगळ्याच सहलींबद्दल ते म्हटलं तर कोसळेल. देवाच्या गाडीला सीमा लागत नाही, तिला देव पुरतो. पण दमणला तसा देव नाही. ना तिथे कुणा संताची समाधी, ना कुणाचं कुलदैवत. उदवाड्याची अग्यारी जवळ आहे, पण तिच्यात पारशांखेरीज कुणाला प्रवेश नाही. किनारा म्हणाल तर देवकाची वाळू केळव्याच्या किंवा अलिबागच्या किनाऱ्याशी स्पर्धा करू शकत नाही, हे तिथे जाऊन आलेले लोक मोकळेपणी सांगतात. किल्ला म्हणाल तर वसईचा किल्ला ठाण्याहून तासा-दीड तासावर आहे, तोही पोर्तुगीजांचाच, दमणपेक्षा विस्ताराने मोठा, इतिहासाने तर आपल्याला कितीतरी जवळचा. तिथे एवढ्या बसगाड्या का जात नाहीत? पोर्तुगीज वास्तू पाहण्याची हौस हेच कारण असतं तर ठाणेकरांची गर्दी वसईला झाली असती. देव, समुद्र आणि किल्ला ही तिन्ही कारणं वजा केल्यावर जे शिल्लक राहतं ते मोजावंच लागतं.

जीएसटीनंतर हे सगळं संपायला हवं होतं, असंही म्हणतात. एक देश एक कर आला, ३० जून २०१७ च्या रात्री मुलुंडच्या नाक्यावरची मुंबईची जकात संपली. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत तर जकातीच्या जागी आधीच एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला होता आणि १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांपुरता तोही गेला. मग सीमा उरली कुठे? ती पेट्रोल आणि दारूत उरली. दोन्ही गोष्टी जीएसटीबाहेर ठेवल्या आहेत, आणि पिण्याच्या दारूला तर संविधानानेच बाहेर ठेवलं आहे. ही सूक्ष्म हद्द ठाणेकराच्या अंगणातही होती: जुलै २०२४ पर्यंत बृहन्मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या हद्दीत पेट्रोल-डिझेलवरचा कर उर्वरित राज्यापेक्षा जास्त होता. तीन हात नाक्याला आणि डोंबिवलीच्या मानपाड्याला टाकी भरण्याचा भाव थोडा वेगळा असायचा, तो त्यामुळे. दारूचं तर उलटच झालं. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मिती मूल्याच्या तिपटीवरून साडेचारपटीवर नेलं. १८७८ च्या अधिकाऱ्यांना यापुढे काय होणार ते कुणी सांगावं लागलं नसतं.

परतीच्या वाटेवर ही सीमा बसच्या डिकीत येऊन बसते. दमणची हद्द संपल्यापासून महाराष्ट्राची सुरू होईपर्यंत वीस-पंचवीस किलोमीटर गुजरात आहे आणि तिथे बाटली जवळ बाळगणं हाच गुन्हा. गुजरातने नोव्हेंबर २०१९ मध्ये आरटीओचे चेकपोस्ट बंद केले, त्यामुळे भिलाडला थांबणं कमी झालं. पोलिसांचं थांबवणं कमी झालेलं नाही, आणि वर्षअखेरीला वलसाड जिल्ह्यात दमणहून परतणाऱ्यांची धरपकड दर साली होते. तलासरीत शिरलं म्हणजे सुटका झाली असंही नाही, कारण केंद्रशासित प्रदेशात विक्रीसाठी असलेली, महाराष्ट्राचं शुल्क न भरलेली दारू आणणं राज्याच्या कायद्याने गुन्हाच आहे. म्हणून शहाणे आयोजक निघतानाच बजावतात की, जे काही करायचं ते तिथेच, गाडीत काही चालणार नाही. मग गाडीत चढतात ते काजू, चॉकलेटं, पर्स आणि खेळणी, म्हणजे नेमका तो माल ज्याच्यावर सीमेचा आता काहीच परिणाम नाही. सवय अशी कायद्याच्या मागे रेंगाळते. दारू तिथे पिऊन यायची, घरी न्यायला काजू. जुन्या खरेदीचा साचा तसाच राहिला, आतली वस्तू तेवढी बदलली.

या साच्याला खरा धक्का बसला तर तो महाराष्ट्राकडून बसणार नाही, गुजरातकडून बसेल. डिसेंबर २०२३ मध्ये गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीपुरती तिथल्या सरकारने दारूबंदी सैल केली. ती सूट उद्या वापी-वलसाडपर्यंत आली तर नानी दमणच्या बाजारातलं दोन बाजूंचं गिऱ्हाईक एका बाजूने आटेल, भाव आणि हॉटेलांची संख्या खाली येईल, आणि ठाण्याच्या आयोजकाला काजू आणि देवकाच्या वाळूवर गाडी भरावी लागेल. तसं झालंच तर मोटी दमणच्या कोटाला बसच्या वेळापत्रकात आजच्यापेक्षा थोडी अधिक मिनिटं मिळतील, आणि कदाचित कुणी १७३९ चं नावही काढेल.